थॅनॉसला कोणी उत्तरच दिलं नाही

२०१८च्या एप्रिलअखेरीस ‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ लागला, तेव्हा मी भाच्याला घेऊन गेलो होतो. तो तेव्हा नववीत. शेवटी खलनायक थॅनॉस विश्वातले निम्मे जीव संपवण्यासाठी चुटकी वाजवतो आणि एकेक जण धूळ होऊन उडायला लागतो. स्पायडरमॅन टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, बिलगून ‘मला जायचं नाहीये’ म्हणतो. तोवर शिट्ट्यांनी दणाणलेलं आमचं थिएटर असं गप्प झालं, की मागच्या रांगेतल्या एका लहान मुलाचं मुसमुसणं स्पष्ट ऐकू येत होतं. श्रेयनामावली संपल्यावर पडद्यावर शेवटची ओळ आली : थॅनॉस परत येईल. एरवी तिथे नायकांचं नाव असतं.

पार्किंगमधून गाडी काढत होतो, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, पण त्याचं चुकलं काय? माणसं खरंच जास्त झालीत ना?”

मला चटकन उत्तर सुचलं नाही. घरी पोचेपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं, आणि मग लक्षात आलं की सिनेमातही ते कुठे नव्हतं. १४९ मिनिटांत वीसेक नायक येऊन गेले होते. त्यांत शास्त्रज्ञ होते, डॉक्टर होता, राजा होता, खुद्द देव होता. त्यांतल्या एकानेही त्या राक्षसाला ‘तुझं म्हणणं इथे चुकतंय’ असं सांगितलं नव्हतं. तो वेडा आहे म्हणाले, त्याला थांबवायचं म्हणाले, त्याच्यावर तुटून पडले. पण त्याचं म्हणणं खोडून काढण्याच्या भानगडीत कोणी पडलंच नाही.

गेल्या काही वर्षांत सुपरहिरोंच्या सिनेमावर बोलताना एक वाक्य हमखास येतं : खलनायक कसा हवा, तर त्याचं म्हणणं पटायला हवं. थॅनॉस त्याचा मानदंड झाला. रेडिटवर ‘थॅनॉसचं काहीच चुकलं नाही’ या नावाचा एक गट होता. त्यातल्या सदस्यांनी स्वतः मागणी केली आणि जुलै २०१८मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे सदस्य गटातून काढून टाकले गेले. ही संख्या तीन लाखांहून जास्त होती. तो खेळ होता हे मला कळतं. पण ‘म्हणणं पटलं पाहिजे’ ही व्याख्या मला अर्धीच बरोबर वाटते. खलनायक मनात घर करतो तो स्वतः किंमत मोजतो म्हणून. आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या फौजेला अर्थ येतो तो त्याच्या म्हणण्याला तिच्याकडे उत्तर असेल तर. ‘इन्फिनिटी वॉर’ने पहिली गोष्ट इतकी सुरेख साधली की दुसरी राहून गेली आहे हे कोणाला जाणवलंच नाही.

आधी फौजेबद्दल बोलू, कारण बहुनायकी सिनेमाची खरी अडचण तिथे आहे. एका नायकाला खलनायक शोधणं सोपं : त्याची उणीव काय, तीच समोर उभी करायची. सहा जणांना, वीस जणांना मिळून एक खलनायक द्यायचा तर तो सगळ्यांच्या वाट्याला कसा येणार? नुसता ताकदवान शत्रू आणला तर प्रत्येक जण पाळीपाळीने येऊन त्याला दोन ठोसे मारून जातो. २०१७च्या ‘जस्टिस लीग’मध्ये नेमकं हेच झालं. स्टेपनवुल्फला तीन पेट्या गोळा करायच्या असतात, बस्स. त्या मिळाल्या तर त्याचं काय होणार, नाही मिळाल्या तर त्याचं काय जाणार, हे शेवटपर्यंत कळत नाही. झॅक स्नायडरने २०२१मध्ये त्याच सिनेमाचा चार तासांचा अवतार काढला. त्यात स्टेपनवुल्फ हद्दपार झालेला आहे, त्याला घरी परतायचं आहे, जुना अपराध फेडायचा आहे. पेट्या त्याच, लढाया जवळपास त्याच, पण आता त्याचा हात थरथरला तर आपण पाहतो.

२०१२च्या पहिल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ने ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली होती. त्यातला खलनायक लोकी, म्हणजे थॉरचा दत्तक भाऊ, त्या सहा नायकांपैकी बहुतेकांपेक्षा फार बलवान नाही. तो मुद्दाम पकडला जातो, काचेच्या कोठडीत बसतो आणि बसल्या जागेवरून त्यांच्यातली प्रत्येक फट शोधतो. बॅनरला स्वतःची, आपल्यातल्या हल्कची भीती वाटते, हेर असलेल्या नताशाच्या खात्यावर जुनी पापं आहेत, टोनी आणि स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) एकमेकांना बघून घ्यायला टपलेलेच आहेत. ही माणसं एकत्र का यावीत या प्रश्नाचं उत्तर ‘कारण शत्रू मोठा आहे’ असं तो सिनेमा देत नाही, हे मला फार आवडतं. उत्तर एका साध्या कारकुनी माणसाच्या मरणातून येतं. एजंट कोलसन मरतो, आणि त्यांना एकत्र आणणारा प्रमुख निक फ्युरी रक्ताने माखलेली कॅप्टन अमेरिकाची जुनी कार्डं टेबलावर फेकतो. नंतर त्याची सहकारी मारिया हिल त्याला विचारते, ही तर कोलसनच्या लॉकरमध्ये होती ना? म्हणजे रक्त फ्युरीने लावलं होतं. त्यांना ढकलण्याची गरज होती, तो म्हणतो. एका खोट्यावर ती फौज उभी राहिली, आणि पुढे कित्येक सिनेमे त्या पायातली भेग रुंदावत गेली.

‘इन्फिनिटी वॉर’ सुरू होतो तेव्हा ती भेग आरपार गेली आहे. टोनी आणि स्टीव्ह बोलत नाहीत. आकाशात परकं जहाज आलेलं असताना टोनी खिशातून एक दुमडणारा जुना फोन काढतो. स्टीव्हने पाठवलेला. त्याने तो दोन वर्षं जवळ बाळगला आहे, चार्ज ठेवला आहे, आणि आज तो उघडूनही फोन करणं होत नाही, कारण तेवढ्यात बाहेर आरडाओरडा होतो. पुढे तो फोन रस्त्यावर पडलेला बॅनरला सापडतो आणि बॅनर फोन करतो. अख्ख्या सिनेमात टोनी आणि स्टीव्ह एकमेकांसमोर येत नाहीत. एक थॅनॉसच्या टायटन ग्रहावर हरतो, दुसरा वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशात. बहुनायकी सिनेमातला सर्वांत परिणामकारक प्रसंग म्हणजे दोन नायकांची न झालेली भेट, हे लेखकांनी ओळखलं होतं.

पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी केली, ती दुसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आली. पटकथाकार क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांनी त्या वीस जणांना एकच प्रश्न विचारला आहे. सगळ्यांचे जीव वाचवण्यासाठी एका जिवलगाचा बळी देशील का? (चुटकीसाठी थॅनॉसला सहा शक्तिशाली खडे गोळा करायचे आहेत, आणि ते या नायकांच्या आवाक्यात आहेत.) पहिल्याच प्रसंगात लोकीला तो विचारला जातो : भाऊ थॉर, की टेसरॅक्ट, म्हणजे एक खडा असलेला घन? तो टेसरॅक्ट देतो. नंतर थॅनॉसने वाढवलेली गमोरा तिच्या प्रियकराकडून, क्विलकडून वचन घेते की वेळ आली तर मला मार. वेळ येते, तो चाप ओढतोही, पण थॅनॉसने बंदुकीतून साबणाचे फुगे काढलेले असतात. बहीण नेब्युलाचे तुकडे होताना बघवत नाही म्हणून गमोरा एका खड्याची जागा सांगून टाकते. काळाचा खडा राखणारा डॉक्टर स्ट्रेंज आधी टोनीला बजावतो, की खडा आणि तुझा जीव यांत निवडायची वेळ आली तर मी खडाच निवडीन. आणि शेवटी टोनीसाठी खडा देऊन टाकतो. वांडा एका हाताने थॅनॉसला अडवते आणि दुसऱ्या हाताने ज्याच्यावर तिचं प्रेम आहे आणि ज्याच्या कपाळात एक खडा आहे, त्या व्हिजनला संपवते. मग थॅनॉस काळ उलटा फिरवतो आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याला पुन्हा मारतो. या सगळ्याच्या मधोमध स्टीव्ह म्हणतो, आपण जिवांचे सौदे करत नाही.

सौदा बेधडक करतो तो फक्त थॅनॉस. सिनेमाची सगळी चौकट यावर उभी आहे. वेगवेगळ्या ग्रहांवर, वेगवेगळ्या सुरांत चाललेल्या चार कथा एका सिनेमासारख्या वाटतात त्या म्हणूनच. प्रत्येक नायक जिथे अडखळतो, तिथून हा सरळ चालत पुढे जातो. पडद्यावर सर्वांत जास्त वेळही त्याचाच आहे. नायकाची वाट तो चालतो : घर सोडणं, शोध, कसोटी, बलिदान, विश्रांती. शेवटच्या दृश्यात तो एका झोपडीच्या पायरीवर बसून क्षितिजाकडे बघत किंचित हसतो.

हे सगळं कॉमिक्समध्ये असं नव्हतं. जिम स्टार्लिनने १९७३मध्ये थॅनॉस आणला आणि १९९१च्या मालिकेत त्याच्याकडून निम्मं विश्व संपवलं, ते मृत्यूला खूश करण्यासाठी. तिथे मृत्यू ही एक स्त्री आहे आणि थॅनॉस तिच्या प्रेमात आहे. ते कारण भव्य होतं, विकृत होतं आणि कोणालाही ‘पटणारं’ नव्हतं. सिनेमाने ते काढून त्याजागी साधनसंपत्तीचा हिशेब ठेवला. टायटन या त्याच्या ग्रहावर तोंडं जास्त झाली, अन्न कमी पडलं. त्याने सुचवलं की गरीब-श्रीमंत न बघता निम्मे मारा. लोकांनी त्याला वेड्यात काढलं आणि ग्रह ओसाड झाला. या एका बदलाने जॉश ब्रोलिनला एक माणूस साकारता आला. जांभळ्या, कोरलेल्या हनुवटीच्या त्या चेहऱ्यामागे त्याचा स्वतःचा चेहरा संगणकाने जसाच्या तसा टिपला आहे; दमणं, ओशाळणं, ओठ आवळणं सगळं दिसतं.

आणि व्होर्मिर या ग्रहावरच्या कड्यावर तर अश्रूही दिसतो. आत्म्याचा खडा हवा तर ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा बळी द्यायचा. गमोरा आधी हसते, कारण तिची खात्री आहे की या माणसाचं कोणावरच प्रेम नाही. मग तो वळतो, त्याचे डोळे भरलेले असतात, आणि तिच्या ध्यानात येतं. ती म्हणते, हे प्रेम नव्हे. ज्या मुलीच्या डोळ्यांसमोर त्याने तिच्या ग्रहावरची निम्मी माणसं मारली, आणि तेव्हा बोटावर सुरी तोलायला शिकवून तिची मान वळवली, त्या मुलीने एवढं म्हणायला किती वर्षं लागली असतील. सबंध सिनेमात थॅनॉसला दिलेलं उत्तर म्हणावं असं हे एकच वाक्य आहे. सिनेमा मात्र ते लगेच खोडून काढतो : तो तिला कड्यावरून फेकतो आणि खडा त्याला मिळतो. म्हणजे विश्वाच्या नियमानेच शिक्का मारला की ते प्रेमच होतं. मला हा सिनेमा मनापासून आवडतो. पण इथे तो गमोराच्या बाजूने नाही, तिच्या मारेकऱ्याच्या बाजूने उभा राहिला, हे मला अजून सलतं.

खलनायकाला जखम द्यावी आणि तरीही उत्तर द्यावं, हे याआधी करून झालं आहे. २०००च्या ‘एक्स-मेन’ची सुरुवात १९४४च्या पोलंडमध्ये होते. पावसात, चिखलात एका मुलाला आईवडिलांपासून ओढून दूर नेलं जातं, आणि त्याच्या आक्रोशाने छळछावणीचं लोखंडी फाटक वाकतं. हा मुलगा म्हणजे पुढचा खलनायक मॅग्नीटो. तो १९६३पासून कॉमिक्समध्ये होता, पण त्याला हा भूतकाळ लेखक क्रिस क्लेअरमॉन्टने १९८१मध्ये दिला, आणि तेव्हापासून त्याची भीती ही नुसती दुष्टांची भीती राहिली नाही. ज्याने एकदा यादीत नाव चढलेलं पाहिलंय, तो म्युटंटांच्या, म्हणजे त्याच्यासारख्या जन्मजात शक्ती असलेल्यांच्या, नोंदणीच्या कायद्याला घाबरणारच. सिनेमाच्या शेवटी तो प्लॅस्टिकच्या कोठडीत आहे आणि म्युटंट मुलांची शाळा चालवणारा त्याचा जुना मित्र प्रोफेसर झेव्हियर त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला आला आहे. मॅग्नीटो विचारतो, ते एक दिवस तुझ्या शाळेत, तुझ्या मुलांसाठी येतील या विचाराने तुला रात्री जाग येत नाही? झेव्हियर म्हणतो, येते. त्याची भीती खोटी आहे असं तो म्हणत नाही. मग जाग आल्यावर काय करतोस, असं विचारल्यावर तो सांगतो, की त्या शाळेत कुरापत काढायला येणाऱ्याची मला कीव वाटते. भीती दोघांची एक, पण वागणं वेगळं, आणि ते का वेगळं हे दोन वाक्यांत उभं राहतं.

टायटनवर स्ट्रेंजला अशीच संधी होती. थॅनॉस त्याला आपली कहाणी सांगतो, चुटकीला दया म्हणतो, आणि पुढे म्हणतो की कठीण निर्णयांना खंबीर मन लागतं. समोर बसलेला माणूस शल्यविशारद आहे. आयुष्यभर त्याने एकेक जीव हातात घेऊन वाचवला आहे. तो काय म्हणतो? आमचंही मन तुझ्याइतकंच खंबीर आहे. म्हणजे भांडण मनाच्या खंबीरपणाचं ठरलं, हिशेबाचं नाही. हिशेब तसाच राहिला, आणि तो घेऊन माझा भाचा पार्किंगमध्ये आला.

तो हिशेब आपल्याकडे फार पटकन पटतो, कारण आपण तो लहानपणापासून ऐकतो. लोकलमध्ये, रुग्णालयाच्या रांगेत, प्रवेशाच्या यादीसमोर कोणीतरी म्हणतंच, लोकसंख्याच एवढी झालीये, काय होणार. ‘गरीब-श्रीमंत न बघता’ हे शब्द तर न्यायाचेच वाटतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी भाच्याला आकडे दाखवले. २०१८ साली जगाची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती. तिच्या निम्मी ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला होती. म्हणजे एवढा संहार करून थॅनॉसने मिळवली पन्नासएक वर्षं. भारताचं तर आणखी स्पष्ट आहे : २०११च्या जनगणनेत १२१ कोटी, १९७१च्या जनगणनेत ५५ कोटींच्या आसपास. निम्म्याहून कमी माणसांचा भारत कसा असतो हे कल्पनेने रंगवायला नको. तो होऊन गेला आहे.

आणि त्याच भारतात बाहत्तरचा दुष्काळ पडला. माझी आजी त्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या वर्षी गेलं ते वेडंवाकडंच आलं, शेवटपर्यंत. कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकऱ्या. त्या घशाखाली उतरायच्या नाहीत असं ती सांगायची. पण ती जगली, आणि तिची पोरंही जगली. माणसं कमी केली म्हणून नव्हे. दुष्काळी कामं काढली, हातात मजुरी पडली, बाजारात धान्य घेता आलं म्हणून. त्याच अनुभवातून महाराष्ट्राने १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५मध्ये देशानेही तसा कायदा आणला. उलट १९४३मध्ये बंगालात लाखो माणसं मेली, तेव्हा काय झालं होतं? अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवलं, की त्या साली बंगालातलं धान्य १९४१पेक्षा जास्तच होतं. नव्हती ती मजुरांच्या हातात ते विकत घेण्याची ऐपत. उपासमारीत कधीच ‘गरीब-श्रीमंत न बघता’ माणसं मरत नाहीत.

भाच्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हे त्यांनी सिनेमात का नाही घेतलं?”

मारामारीच्या सिनेमात अर्थशास्त्राचं व्याख्यान नको, हे मला मान्य आहे. पण झेव्हियरला तरी कुठे व्याख्यान द्यावं लागलं? आणि ज्या सिनेमाने खलनायकाला त्याचं म्हणणं मांडायला इतकी जागा दिली, त्याने दोन वाक्यांची जागा समोरच्याला द्यायला हवी होती. पुढच्या वर्षीच्या ‘एंडगेम’मध्ये तर हा प्रश्नच गुंडाळून ठेवला. ज्याने किंमत मोजली तो थॅनॉस सुरुवातीलाच थॉरच्या कुऱ्हाडीखाली मरतो. शेवटी लढायला येतो तो २०१४ सालातून आलेला, ज्याने अजून काही गमावलेलंच नाही. तो म्हणतो, आता मी अख्खं विश्वच चिरडून नवं करीन, कृतज्ञ असं. म्हणजे वादाची बाजूच बदलली. आता त्याला उत्तर द्यायची गरज उरली नाही, नुसतं हरवलं की झालं. १८१ मिनिटांचा तो सिनेमा पाहताना मीही रडलो, पण टोनीसाठी. तो प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती वाकांडाचा राजा टिचाला, म्हणजे ब्लॅक पँथर, याच्याबद्दल. ‘इन्फिनिटी वॉर’च्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०१८मध्ये, रायन कूगलरचा ‘ब्लॅक पँथर’ आला होता. वाकांडाकडे व्हायब्रेनियम हा दुर्मीळ धातू आहे, रुग्णालयं आहेत, जगात कोणाकडे नसेल इतकी समृद्धी आहे, आणि ती त्यांनी पडद्याआड लपवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या ओकलंडच्या गरीब वस्तीत वाढलेला, तिथेच बापाचं प्रेत पाहिलेला किलमाँगर सिंहासनासमोर उभा राहून विचारतो : जगभर आपल्यासारखी माणसं हाल सोसतायत आणि तुम्ही इथे बसून आहात? त्याचा मार्ग रक्ताचा होता, आणि टिचालाने त्याला हरवलं. पण त्याचा प्रश्न टिचालाने फेकून दिला नाही. तो पूर्वजांसमोर जाऊन म्हणाला, तुम्ही सगळे चुकलात. मग त्याने ओकलंडमधल्या त्याच इमारती विकत घेतल्या, तिथे केंद्र काढायचं ठरवलं आणि देशाचे दरवाजे उघडले. खलनायकाने नायकाला बदलावं याहून मोठी पावती खलनायकाला कोणती मिळणार?

त्या वीस जणांमध्ये हा एकटा राजा असा होता, ज्याला स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं की कमी काय पडतं आणि कशामुळे पडतं. आणि शेवटची लढाई त्याच्याच देशात, त्याच्याच जंगलात होते. थॅनॉस झाडांमधून चालत येतो, टिचाला झेप घेतो. थॅनॉस त्याला हवेतल्या हवेत मानेला पकडतो आणि एका ठोशात जमिनीवर आपटतो. पुढे टिचाला पडलेल्या आपल्या सेनापती ओकोयेला हात देऊन उठवत असतो, आणि तो हात तिच्या बोटांतून धूळ होऊन निसटतो. २८ ऑगस्ट २०२० रोजी टिचाला साकारणारा चॅडविक बोसमन गेला. त्या जंगलात टिचाला आणि थॅनॉस यांच्यामध्ये एक शब्दही झाला नव्हता.